तिरकस बोलणे आणि तिरकस गुणाकार

दहावीच्या बीजगणितातील ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण आलेख, सहगुणक आणि निश्चयक यांचा घाट चढून संपत आले, की विद्यार्थ्याला एक लहानशी वस्ती लागते, जिला शाब्दिक उदाहरणे असे म्हणतात. या वस्तीतील माणसे वरवर पाहता चारचौघांसारखीच असतात: एक वडील असतात, त्यांचा एक मुलगा असतो, वह्या-पेनांचे दुकान चालवणारा एक गृहस्थ असतो, एक नावाडी असतो आणि कोंबड्या-शेळ्या पाळणारा एक शेतकरी असतो. त्यांना उरलेल्या मनुष्यजातीपासून वेगळे पाडणारे लक्षण एवढेच, की जी गोष्ट त्यांना पक्की ठाऊक असते नेमकी तेवढीच ते कोणाला सांगत नाहीत. वडिलांना स्वतःचे वय ठाऊक असते, पण विचारणाऱ्याला ते सहा वर्षांपूर्वीची पट सांगतात. दुकानदाराला वहीची किंमत ठाऊक असते, पण ती तो पेनांच्या किमतीत कालवून सांगतो. आणि शेतकरी शेळ्या किती हे न सांगता एकूण पाय किती हे सांगतो, जणू आठवड्याच्या बाजारात शेळी पायांच्या हिशेबाने विकली जाते.

अशा माणसांकडून माहिती काढून घेण्याच्या शास्त्राला एकसामयिक समीकरणे सोडवणे असे नाव आहे. जी संख्या ठाऊक नाही तिला एक अक्षर द्यायचे, त्या अक्षराला चल म्हणायचे आणि समोरच्याने आडवळणाने जे सांगितले ते ‘बरोबर’ या चिन्हाच्या दोन्ही अंगांना मांडायचे, म्हणजे समीकरण तयार होते. गुपिते दोन असतील तर समीकरणेही दोन लागतात आणि दोन्ही एकाच वेळी खरी ठरवणाऱ्या किमती शोधाव्या लागतात, म्हणून ती एकसामयिक. शाब्दिक उदाहरणातील माणूस कितीही आतल्या गाठीचा असला तरी त्याचा एक सद्गुण मान्य करावाच लागतो, तो हा की तो जितकी गुपिते ठेवतो तितकीच विधाने करतो, एक कमी नाही की एक जास्त नाही. इतके मोजूनमापून बोलणारी माणसे लग्नाच्या याद्या करण्याच्या बैठकीतही आढळत नाहीत.

‘रेषीय’ या शब्दाचा पुस्तकी अर्थ असा, की समीकरणातील चलाचा घात एक असतो आणि आलेख काढला तर सरळ रेषा येते. व्यवहारातला अर्थ असा, की एका वस्तूला जे पडते त्याच्या बरोबर दसपट दहा वस्तूंना पडते. हा दुसरा अर्थ महाराष्ट्रातील कोणत्याही भाजीबाजारात पाच मिनिटे टिकत नाही. भेंडी वीस रुपये पाव असेल तर किलोला ऐंशी व्हायला हवेत, पण भाजीवाली ‘किलो घ्या ताई, सत्तरनं लावते’ असे म्हणते त्या क्षणी रेषा वाकते, गिऱ्हाईक ‘पासष्ट’ म्हणते तेव्हा ती थरथरू लागते, आणि अखेरीस पिशवीत वरून पडलेल्या चार मिरच्या व कोथिंबिरीच्या दोन काड्या यांचा सहगुणक, म्हणजे चलाला गुणण्यासाठी त्याच्या पुढे उभी असलेली संख्या, काय धरायचा हा प्रश्न उरतोच. कारण त्यांची किंमत शून्य धरली तर भाजीवाली दुखावते आणि शून्य धरली नाही तर गिऱ्हाईक. सुटे नाहीत म्हणून किराणावाल्याने हातावर टेकवलेली दोन चॉकलेटे कोणत्या बाजूला लिहायची, यावर तर शास्त्रात काहीच सांगितलेले नाही.

शाब्दिक उदाहरणातील दुकानदार यांपैकी काही करत नाही. त्याचे म्हणणे एवढेच असते, की ४ वह्या आणि ३ पेन यांची किंमत १८५ रुपये आहे, ३ वह्या आणि ४ पेन यांची किंमत १६५ रुपये आहे, तर एका वहीची आणि एका पेनाची किंमत काढावी. वहीच्या मलपृष्ठावर सर्व करांसहित किंमत छापलेली असते, ती वाचायला अक्षरओळखीपेक्षा जास्त विद्या लागत नाही, परंतु शाब्दिक उदाहरणात वही कोणी उलटी करून पाहत नाही. तसे करणे शिष्टाचाराला धरून नाही. त्याऐवजी सोडवणारा दोन्ही विधानांची बेरीज करतो आणि त्याला कळते, की ७ वह्या व ७ पेन यांचे ३५० रुपये होतात, म्हणजे एका जोडीचे ५०. मग तो वजाबाकी करतो, तेव्हा वही पेनापेक्षा २० रुपयांनी महाग असल्याचे उघड होते. यावरून वही ३५ रुपयांची आणि पेन १५ रुपयांचे. दोन समीकरणांतील सहगुणकांनी आपापसांत जागा बदललेल्या असल्या की बेरीज-वजाबाकीची ही युक्ती चालते, आणि ती चालते हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे तेज चढते ते पुढे पदवीदान समारंभातही चढत नाही.

दुकानदारांची ही खोड नवी असल्याचा समज मात्र कोणी करून घेऊ नये. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला, आणि त्यातील एका उदाहरणात ९ महाळुंगे व ७ सुवासिक कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची किंमत १०१ अशी सांगून, दोन्ही फळांचे भाव वेगळे करून सांगण्याची आज्ञा गणकाला केली आहे. तीसुद्धा ‘लवकर सांग’ अशी, ज्यावरून परीक्षेतील घाईलाही अकराशेहून अधिक वर्षांची परंपरा असल्याचे सिद्ध होते. बेरीज केली की १६ जोड्यांचे २०८, म्हणजे जोडीचे १३. वजाबाकी केली की दोन महाळुंगे दोन कवठांपेक्षा ६ ने महाग, म्हणजे एक एकापेक्षा ३ ने. तेव्हा महाळुंग ८ ला आणि कवठ ५ ला. ज्या घराण्याने वेरूळला अखंड डोंगर वरून खाली कोरत नेऊन कैलास लेणे उभे केले, त्या घराण्याच्या राज्यातही एका कवठाचा भाव सरळ विचारून कळत नव्हता, ही गोष्ट महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कवठे घ्यायला निघालेल्यांना थोडा दिलासा देणारी आहे.

अज्ञात संख्येला नाव काय द्यावे, या प्रश्नावर भारतीय गणितज्ञांनी पाश्चात्त्यांपेक्षा अधिक रसिकता दाखवली, असे म्हणण्यास जागा आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात, जो इसवी सन ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणि’चा एक भाग मानला जातो, पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’, असे म्हटले आहे आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे दिली आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे तेवढी घेत, त्यामुळे त्या काळचे समीकरण म्हणजे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीचा सदरा वाटला तर नवल नाही. पुढे मराठी शाळांत या रंगांची जागा क्ष आणि य यांनी घेतली, आणि आता त्यांच्याही जागी इंग्रजी एक्स व वाय येऊन बसले आहेत. क्ष बिचारा क्ष-किरणांत तेवढा टिकून राहिला. राँटगेनला १८९५ मध्ये सापडलेल्या किरणांचे स्वरूप त्याला ठाऊक नव्हते म्हणून त्याने त्यांना अज्ञाताचे अक्षर दिले, आणि त्यामुळे बीजगणितात क्ष न भेटलेली पिढी त्याला हात मोडल्यानंतर भेटते. प्रस्तुत लेखात जुन्या ऋणानुबंधाने क्ष व य हीच अक्षरे वापरली आहेत.

भास्कराचार्यांच्या त्याच ग्रंथात दोन मित्रांचे एक उदाहरण आहे, आणि मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकाने ते गणितज्ञाच्या हाती सोडून देऊ नये, इतक्या योग्यतेचे आहे. पहिला मित्र म्हणतो, की तू मला १०० दिलेस तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, की तूच मला १० दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल. पहिल्याचे धन क्ष आणि दुसऱ्याचे य मानले, तर पहिल्या वाक्यावरून क्ष + १०० = २(य − १००) आणि दुसऱ्यावरून य + १० = ६(क्ष − १०) अशी समीकरणे मिळतात, आणि ती सोडवली की पहिल्याजवळ ४० व दुसऱ्याजवळ १७० असल्याचे निष्पन्न होते. गणित येथे संपते, पण उदाहरण येथे सुरू होते. ज्याच्याजवळ ४० आहेत तो १०० मागतो, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु ज्याच्याजवळ १७० आहेत तो त्या चाळिसांतून १० मागतो, आणि तेही गरज म्हणून नव्हे तर आपण सहापट ठरावे एवढ्याचसाठी, हे पाहिल्यावर भास्कराचार्यांचा पतपेढ्यांशी काही संबंध आला होता की काय, अशी शंका येते. शिवाय दोघांनाही एकमेकांच्या गाठीचा पैसा दमडीपर्यंत ठाऊक आहे, कारण तो ठाऊक असल्याखेरीज असली वाक्ये बोलताच येत नाहीत. तरीही दोघे आकडा उच्चारत नाहीत आणि उसने कोण देणार हा मूळ मुद्दा सुटलेल्या उदाहरणातही सुटत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. त्या मठातील विद्यार्थ्यांनी हे उदाहरण सोडवून झाल्यावर एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या वस्तीतील सर्वांत जुने आणि सर्वांत मानाचे रहिवासी म्हणजे वडील व मुलगा. त्यांचे म्हणणे साधारणपणे पुढीलप्रमाणे असते: सहा वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या पाचपट होते, सहा वर्षांनंतर ते मुलाच्या वयाच्या दुपटीपेक्षा १२ ने जास्त होईल, तर त्यांची आजची वये काढा. विद्यार्थी पहिला शब्द लिहितो, ‘समजा’. या शब्दाचा मराठीतील इतर वापर पाहिला तर तो संकटाची वर्दी देणारा शब्द आहे. ‘समजा, मला पंचवीस हजार लागले’ असे म्हणणारा नातेवाईक आणि ‘समजा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं’ असे म्हणणारा विम्याचा एजंट हे दोघेही तो शब्द उच्चारून खुर्ची पुढे ओढतात. केवळ बीजगणितातच ‘समजा’ लिहिल्यावर पैसे जात नाहीत, उलट गुण मिळण्याची शक्यता निर्माण होते.

समजा, वडिलांचे आजचे वय क्ष वर्षे आणि मुलाचे य वर्षे. पहिल्या विधानावरून क्ष − ६ = ५(य − ६), म्हणजे क्ष = ५य − २४; दुसऱ्यावरून क्ष + ६ = २(य + ६) + १२, म्हणजे क्ष = २य + १८; दोन्ही क्ष एकच असल्यामुळे ३य = ४२, आणि त्यामुळे मुलगा १४ वर्षांचा व वडील ४६ वर्षांचे. हे झाले आदर्श उत्तर. प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेत जे कुटुंब जन्माला येते ते निराळे असते. काही विद्यार्थी पहिल्या समीकरणातील कंस सोडवताना पाचाने फक्त य ला गुणतात आणि सहाला तसेच पुढे जाऊ देतात, म्हणजे क्ष − ६ = ५य − ६ असे लिहितात; त्यांचा मुलगा ६ वर्षांचा आणि वडील ३० वर्षांचे निघतात, ज्याचा अर्थ सहा वर्षांपूर्वी मुलगा नुकताच पाळण्यात आलेला, वय शून्य, आणि वडील २४ वर्षांचे, अर्थात शून्याच्या पाचपट. दुसऱ्या पंथाचे विद्यार्थी पुढची सहा वर्षे वडिलांच्या वयात मिळवतात पण मुलाच्या वयात मिळवायला विसरतात, ज्यामुळे क्ष + ६ = २य + १२ असे होऊन मुलगा १० आणि वडील २६ वर्षांचे ठरतात; म्हणजे हे गृहस्थ सोळाव्या वर्षीच बाप झाले. वर्षे फक्त बापाचीच उलटतात आणि पोरगे होते तेवढेच राहते, ही भावना अनेक घरांत असली तरी परीक्षक ती ग्राह्य धरत नाहीत.

येथे विशेष नोंदवण्यासारखी गोष्ट ही, की या दुसऱ्या कुटुंबाचा अर्धा ताळा जमतो. ताळा म्हणजे मिळालेले उत्तर मूळ विधानांत परत घालून ते पटते की नाही हे पाहणे. सहा वर्षांपूर्वी वडील २० आणि मुलगा ४, तेव्हा पाचपट हे विधान अगदी खरे उतरते, आणि विद्यार्थी समाधानाने पान उलटतो. दुसरे विधान तपासले असते तर सहा वर्षांनंतर ३२ आणि १६, म्हणजे नुसती दुप्पट, वरचे १२ गायब, हे उघडकीस आले असते. पण सोयीचे एक विधान पटले की दुसरे तपासायचे नाही, ही सवय केवळ दहावीच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मग तीन ठिपक्यांचे ‘म्हणून’ हे चिन्ह काढून, पट्टीने अधोरेखित करून, सोळाव्या वर्षी बाप झालेल्या त्या गृहस्थाला चौकोनात बसवले जाते. परीक्षकही पायऱ्यांचे गुण देतात, कारण एक समीकरण बरोबर असते आणि घर अगदीच उघड्यावर टाकवत नाही.

नावाड्याबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. तो प्रवाहाच्या दिशेने ३० किलोमीटर दोन तासांत जातो, प्रवाहाविरुद्ध १८ किलोमीटर दोन तासांत येतो, त्यावरून संथ पाण्यातील नावेचा वेग ताशी १२ व प्रवाहाचा ताशी ३ किलोमीटर निघतो, आणि उरलेल्या १२ किलोमीटरचे त्याने काय केले, तो घरी पोहोचला की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. शेतकऱ्याचे प्रकरण मात्र आंतरराष्ट्रीय आहे. चीनमध्ये सुन त्सू याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या गणितग्रंथात एकाच पिंजऱ्यात पक्षी व ससे कोंडलेले असून डोकी ३५ आणि पाय ९४ आहेत. जो माणूस वळवळणाऱ्या गर्दीत वाकून ९४ पाय मोजू शकतो त्याला लांब कानांची डोकी तेवढी वेगळी मोजता येऊ नयेत, हे आश्चर्य बाजूला ठेवले, तर उत्तर समीकरणाशिवायही काढता येते: प्रत्येक सशाला पुढचे दोन पाय वर घेऊन उभे राहण्याची विनंती करावी, म्हणजे जमिनीवर ७० पाय राहतात, हवेत २४ असतात, म्हणून ससे १२ आणि पक्षी २३. ही रीत तोंडी हिशेब करणाऱ्या आजोबांना आवडते आणि शाळेत चालत नाही, कारण तीत ‘समजा’ कुठेच येत नाही.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणांत माणसेच नसतात. तेथे आकडे स्वतःच आपली ओळख लपवतात. एक दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १२१ आहे, दशकस्थानचा अंक एककस्थानच्या अंकापेक्षा ५ ने मोठा आहे, तर ती संख्या कोणती? दशकाचा अंक क्ष आणि एककाचा य घेतला तर संख्या १०क्ष + य अशी होते, उलटी १०य + क्ष अशी, बेरीज ११(क्ष + य), त्यामुळे क्ष + य = ११, आणि क्ष − य = ५ हे दिलेलेच आहे; संख्या ८३. आता हा आकडा मोठ्याने वाचला की मराठी मुलाची खरी अडचण कानावर येते: त्र्याऐंशी. यात तीन आधी आणि ऐंशी नंतर आहे. जी अदलाबदल करायला पुस्तक दोन समीकरणे खर्च करते ती मराठी भाषा श्वास घेण्याइतक्या सहजतेने करते, आणि त्यामुळे ‘त्र्याऐंशी लिही’ असे सांगितल्यावर ३८ लिहिणाऱ्या पहिलीतील मुलाने गणितात चूक केलेली नसते, फक्त शुद्धलेखन पाळलेले असते. २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘ऐंशी तीन’ या धर्तीवर संख्या वाचण्याची रीत सुचवली गेली, तेव्हा विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत जे रण माजले त्यात भाषेच्या भवितव्याविषयी पुष्कळ बोलले गेले. अंकांच्या अदलाबदलीची उदाहरणे सोपी होतील की अवघड, याकडे मात्र भांडणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसले नाही.

या सर्व आडवळणी माणसांवर एकच रामबाण उपाय पाठ्यपुस्तकाने दिलेला आहे आणि तो स्वित्झर्लंडमधून आलेला आहे. जिनिव्हा येथे १७०४ मध्ये जन्मलेल्या गॅब्रिएल क्रेमर याने १७५० मध्ये बीजीय वक्रांवरील आपल्या ग्रंथात एक नियम दिला, ज्यात समीकरणातील सहगुणक चौकटीत बसवून निश्चयक नावाची एक संख्या काढायची असते. चौकटीच्या एका कर्णावरील संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून दुसऱ्या कर्णावरील गुणाकार वजा करायचा, याला वर्गात तिरकस गुणाकार असे म्हणतात. मघाच्या दुकानदाराला या पद्धतीने गाठले तर ४ गुणिले ४ वजा ३ गुणिले ३, म्हणजे ७ हा मुख्य निश्चयक येतो. वहीच्या स्तंभात किमती घालून १८५ गुणिले ४ वजा ३ गुणिले १६५, म्हणजे २४५. त्याला ७ ने भागले की वही ३५ रुपयांची. दुकानदार तिरकस बोलतो म्हणून त्याच्याशी तिरकस गुणाकार करायचा, हा न्याय शनिवार-सदाशिव पेठेत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुळात लोप पद्धतीने, म्हणजे एका चलाला वजाबाकीने उडवून, हेच उत्तर अर्ध्या जागेत निघत होते. परंतु ज्या पद्धतीला परदेशी माणसाचे नाव आहे आणि जिच्यात उभ्या रेघा मारायला मिळतात तिच्याविषयी विद्यार्थ्यांना वाटणारा आदर गणितीय कारणांनी स्पष्ट करता येत नाही.

मुख्य निश्चयक शून्य आला तर क्रेमरचाही इलाज चालत नाही, आणि मग दोन शक्यता उरतात. पहिलीत दोन्ही विधाने एकच असतात, फक्त शब्द फिरवलेले असतात. ‘वडील मुलापेक्षा ३२ वर्षांनी मोठे आहेत’ आणि ‘मुलगा वडिलांपेक्षा ३२ वर्षांनी लहान आहे’ अशी दोन वाक्ये बोलणाऱ्याने दोनदा तोंड उघडलेले असले तरी माहिती एकदाच दिलेली असते, दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात आणि उत्तरे अनंत मिळतात. सत्कारसमारंभातील भाषणे या प्रकारात येतात. दुसऱ्या शक्यतेत रेषा समांतर असतात, दोघांचा कल तोच पण मुक्काम वेगळा, त्यामुळे त्या कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ हे तिचे उदाहरण. आणि समीकरणच नसेल तर? फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकाराने बहिणीला लिहिलेल्या पत्रात जहाजाची बारीकसारीक माहिती देऊन शेवटी कप्तानाचे वय विचारले होते, ही त्याची थट्टा होती. परंतु १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे लहान वर्गांतील मुलांना ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ असे गंभीरपणे विचारण्यात आले तेव्हा ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही खटपट करून वय काढून दाखवले. ३६ हे वय कप्तानाला शोभतेही, ही त्यातली अधिकच गैरसोयीची बाब. पुस्तकातील माणूस काहीतरी लपवतोच, पण उत्तर त्याच्या खिशात असतेच, अशी पक्की श्रद्धा त्या मुलांच्या ठिकाणी उत्पन्न झालेली होती.

येथवर आल्यावर एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. प्रत्यक्षात कोणी असे बोलत नाही, असे जे वर गृहीत धरले ते तपासून पाहिले तर टिकत नाही, कारण महाराष्ट्रातील ज्या कोणत्याही घरात ऐंशीच्या पुढची आजी आहे तेथे वयाचा विषय निघाला की शाब्दिक उदाहरणच ऐकू येते. ‘पानशेत फुटलं तेव्हा थोरली रांगत होती, थोरली झाली तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि बोहल्यावर उभी राहिले तेव्हा मी आमच्या वन्संपेक्षा दोन वर्षांनी लहान.’ पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी, हे नातवाला मोबाइलवर सापडते. तो कागद घेऊन बसतो आणि त्याच्या ध्यानात येते, की विधाने तीन झाली पण अज्ञाते चार आहेत: थोरलीचे जन्मसाल, लग्नाचे साल, लग्नाच्या वेळचे आजीचे वय आणि वन्संचे वय. शिवाय ‘रांगत होती’ हे समीकरणही नव्हे, कारण रांगण्याला सहा महिन्यांपासून दहा महिन्यांपर्यंत कितीही चालतात. म्हणून चौथे विधान मिळवण्यासाठी वन्संचे वय विचारावे, तर उत्तर येते, ‘ती कधी खरं सांगते होय!’, आणि ते मिळवण्यासाठी कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे जन्मलेला वन्संचा धाकटा मध्ये आणला जातो, ज्याच्याबरोबर त्याच्या थोरल्या भावाचे आणि त्यांच्यामधल्या गेलेल्या मुलीचे अंतर येते. पाठ्यपुस्तकात प्रत्येक वाक्य एक गुपित कमी करते. आजीचे प्रत्येक वाक्य घरात आणखी एक माणूस आणते.

हे दाट कौटुंबिक समीकरण सोडवण्याची जबाबदारी पूर्वी एकाच माणसावर पडे, आणि तो म्हणजे गावातील शाळेचा मास्तर. जूनमध्ये शाळा उघडली की बाप पोराला दंडाला धरून आणी आणि जन्मतारीख विचारली की ‘नांगरट चालली होती’ किंवा ‘तिच्या माहेरची जत्रा होऊन गेली होती’ अशी विधाने करी. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत, कान हाती लागला की सहा वर्षे पुरी झाली असे मानत, सालातून सहा वजा करत आणि महिना व दिवस या उरलेल्या दोन अज्ञातांकडे क्षणभर पाहत. मग दौतीत टाक बुडवून रजिस्टरात १ जून लिहीत. त्या पिढीतील असंख्य माणसांचा सरकारी वाढदिवस आजही त्याच दिवशी येतो, पेन्शनचे कागद त्याच तारखेवर चालतात, आणि त्या रजिस्टरांत तारखेच्या आधी ‘समजा’ हा शब्द तेवढा लिहायचा राहून गेला आहे.